पक्षावरचा राग कोणत्या मतपत्रिकेवर काढायचा?

अमेरिकेत 3 नोव्हेंबर 2026 रोजी मिडटर्म निवडणूक आहे. तिला ‘मध्यावधी’ म्हणणं आम्ही टाळतो, कारण आपल्याकडे मध्यावधी म्हणजे सरकार कोसळल्यावर अंगावर येणारी निवडणूक. ही मात्र राष्ट्राध्यक्षांच्या चार वर्षांच्या मध्यावर, ठरल्या दिवशी होते. तिथल्या वाचकांच्या पत्रांत यंदा डेमोक्रॅटिक पक्षावरची नाराजी ठळक आहे. त्यात नवल नाही: मार्च 2025 मध्ये सीएनएनच्या पाहणीत या पक्षाबद्दल बरं मत असणारे 29 टक्केच निघाले, 1992 पासूनच्या त्यांच्या पाहण्यांतला नीचांक. काही प्रश्न निवडले आहेत.

प्रश्न : अनेक वर्षं मतदार यादीत डेमोक्रॅट म्हणून माझी नोंद आहे. 2025 मध्ये खर्चाचं विधेयक अडल्याने सरकारी कामकाज 43 दिवस ठप्प झालं आणि शेवटी आमच्याच सिनेटरांनी आरोग्यविम्याच्या अनुदानावर काही न मिळवता माघार घेतली. यंदा मत द्यायला जाऊच नये असं वाटतं. धडा मिळेल का त्यांना? (एडिसन, न्यू जर्सी)

मिळेल, पण भलत्यालाच. माघार घेणारे आठ जण होते: सात डेमोक्रॅट आणि त्यांच्या गटात बसणारे मेन राज्याचे अपक्ष अँगस किंग. या आठांपैकी एकही 2026 मध्ये मतदारांसमोर नाही. इलिनॉयचे डर्बिन आणि न्यू हॅम्पशरच्या शाहीन निवृत्त होत आहेत, बाकीच्यांची पाळी 2028 किंवा 2030 मध्ये. सिनेटची मुदत सहा वर्षांची आणि दर दोन वर्षांनी साधारण एक तृतीयांश जागा निघतात, म्हणून राग ताजा असताना माणूस मतपत्रिकेवर नसतो हे नेहमीचंच. सिनेटमधले पक्षनेते चक शूमर यांच्यावर राग असेल तर त्यांची निवडणूक 2028 ची, तीही न्यूयॉर्कमध्ये. तुमच्याकडे यंदा सिनेटर कोरी बुकर यांची जागा आहे. दुसरे सिनेटर अँडी किम यांची 2030 मध्ये. दोघांनीही त्या तडजोडीविरुद्ध मत दिलं होतं.

प्रतिनिधिगृहाच्या 435 जागा मात्र दर दोन वर्षांनी सगळ्याच निघतात, त्यामुळे घरी बसण्याचा फटका तिथल्या उमेदवारांना बसतो. 2014 च्या मिडटर्मला पात्र मतदारांपैकी जेमतेम 36-37 टक्के लोक बाहेर पडले आणि रिपब्लिकनांनी सिनेटच्या नऊ जागा वाढवल्या. 2018 मध्ये मतदान 50 टक्क्यांपर्यंत चढलं, तेव्हा डेमोक्रॅटांनी प्रतिनिधिगृहात 40 जागा कमावल्या. गैरहजेरीची नोंद कुठेच ‘निषेध’ म्हणून होत नाही.

पक्षाला चिमटा काढायची खरी जागा म्हणजे प्रायमरी, नोव्हेंबरच्या आधी पक्षांतर्गत होणारी निवडणूक. तिथे एबी फॉर्म नसतो, तिकीट दिल्लीहून येत नाही. पक्षाचा उमेदवार मतदारच ठरवतात. आणि मतदान इतकं कमी होतं की थोडे लोकही पारडं फिरवतात. जून 2014 मध्ये व्हर्जिनियात रिपब्लिकनांचे सभागृह नेते एरिक कँटर एका नवख्या प्राध्यापकाकडून प्रायमरीत हरले. जून 2018 मध्ये न्यूयॉर्कमध्ये जो क्राउली यांना अलेक्झांड्रिया ओकासिओ-कोर्टेझ यांनी पाडलं. सातेक लाख वस्तीच्या मतदारसंघात एकूण मतं पडली तीस हजारांच्या आसपास.

न्यू जर्सीत तर यंदा ही वाट पूर्वीपेक्षा मोकळी आहे. तिथे वर्षानुवर्षं ‘काउंटी लाइन’ चालायची: काउंटीच्या (आपल्या जिल्ह्यासारखा भाग) पक्षसमितीने उचलून धरलेले उमेदवार वरपासून खालपर्यंत एकाच रांगेत छापायचे आणि बाकीच्यांना मतपत्रिकेच्या कोपऱ्यात ढकलायचं. त्या कोपऱ्याला लोक सैबेरिया म्हणत. मतदाराची नजर रांगेवरून सरळ खाली घसरायची, आणि समितीच्या मेहेरबानीशिवाय निवडून येणं जवळपास अशक्य होतं. अँडी किम यांनी दावा लावला, 29 मार्च 2024 रोजी केंद्रीय न्यायाधीशांनी त्या वर्षीच्या डेमोक्रॅटिक प्रायमरीसाठी ही रचना थांबवली आणि 2025 मध्ये राज्याने कायदाच बदलला. आता एका पदाचे सगळे उमेदवार एका चौकटीत असतात.

तारखा लक्षात ठेवा. प्रायमरी 2 जूनला. पक्षाची नोंद बदलायची असेल तर अर्ज 55 दिवस आधी, म्हणजे 8 एप्रिलपर्यंत. नवी मतदार नोंदणी 21 दिवस आधी, 12 मेपर्यंत. कुठल्याच पक्षात नोंद नसेल तर त्याच दिवशी केंद्रावर पक्ष सांगून मत देता येतं. मात्र त्यानंतर तुमची नोंद त्या पक्षात होते, आणि पुढच्या वेळी पक्ष बदलताना लोकांना याचाच विसर पडलेला असतो.

प्रायमरीच्या मतपत्रिकेत तळाशी ‘काउंटी कमिटी’ हे पद दिसेल. बहुतेक जण ते सोडून देतात. प्रत्येक मतदान भागातून पक्षाचे दोन सदस्य निवडले जातात, बऱ्याच जागा बिनविरोध जातात किंवा रिकाम्याच राहतात. हीच मंडळी काउंटीचा अध्यक्ष निवडतात आणि विधिमंडळातली जागा मध्येच रिकामी झाली तर तात्पुरता माणूसही तीच ठरवतात. आमच्या मते रागावलेल्या मतदाराने खासदाराला दहा पत्रं लिहिण्यापेक्षा शेजारपाजारच्या सह्या गोळा करून इथे अर्ज भरणं जास्त फळतं.

प्रश्न : मागच्या प्रायमरीत मला मतपत्रिका नाकारली. मी नागरिक आहे, नोंदणीही आहे. (क्वीन्स, न्यूयॉर्क)

तुमची नोंद ‘कोणताही पक्ष नाही’ अशी असणार. न्यूयॉर्कची प्रायमरी बंद पद्धतीची आहे, म्हणजे ज्या पक्षात नोंद त्याच पक्षाच्या प्रायमरीत मत, आणि नोंद बदलण्याची मुदत 14 फेब्रुवारी. त्यानंतरचा अर्ज जूनची प्रायमरी झाल्यावरच लागू होतो. पूर्वी तर आदल्या वर्षीच्या ऑक्टोबरातच दार बंद व्हायचं. 2016 मध्ये खुद्द डोनाल्ड ट्रम्प यांची दोन मुलं, इवांका आणि एरिक, याच मुदतीमुळे वडिलांना प्रायमरीत मत देऊ शकली नाहीत.

राज्य बदललं की नियम बदलतो. टेक्सासमध्ये पक्षनोंदणीच नाही, केंद्रावर हवी ती मतपत्रिका मागायची. पण कुणालाच निम्म्याहून जास्त मतं मिळाली नाहीत तर दुसरी फेरी होते, आणि पहिल्या फेरीत एका पक्षाची मतपत्रिका घेतलेल्याला दुसऱ्या पक्षाच्या फेरीत जाता येत नाही. कॅलिफोर्नियात सगळ्या पक्षांचे उमेदवार एकाच मतपत्रिकेवर असतात आणि पहिले दोघे नोव्हेंबरात लढतात, मग ते एकाच पक्षाचे का असेनात. 2018 मध्ये सिनेटसाठी डायन फाइनस्टाइन आणि केव्हिन दे लेऑन हे दोन डेमोक्रॅटच समोरासमोर होते.

प्रश्न : इथे ‘नोटा’ आहे का? नसेल तर कोरी मतपत्रिका टाकली तर? (फ्रेमाँट, कॅलिफोर्निया)

राज्यव्यापी पदांसाठी फक्त नेवाडात आहे, 1975 पासून. निकालावर तिचा कायदेशीर परिणाम शून्य. राजकीय परिणाम मात्र होऊ शकतो. 2022 मध्ये तिथली सिनेटची जागा आठ हजारांहून कमी मतांनी ठरली आणि ‘यापैकी कोणी नाही’ला बारा हजारांवर मतं होती.

तुमच्याकडे एखादं पद कोरं सोडता येतं, बाकीची मतं मोजली जातात. एका जागेसाठी दोघांवर खूण केलीत तर तेवढ्या पदाचं मत बाद होतं. मतपत्रिकेवर सही किंवा शेरा लिहू नका, ओळख पटणाऱ्या खुणेने मत अडचणीत येतं. नाव हाताने लिहिण्याची सोय आहे, पण अनेक राज्यांत आधी अर्ज केलेल्या उमेदवाराचीच अशी मतं मोजतात, बाकीची वाया. प्रायमरीत हरलेल्याला त्याच वर्षी अपक्ष लढायला बहुतेक राज्यांत मनाई आहे, त्यामुळे आपल्याकडची बंडखोरी तिथे जमत नाही. अलास्काच्या लिसा मर्कौस्की 2010 मध्ये प्रायमरी हरूनही जिंकल्या त्या या हाताने लिहिलेल्या नावावरच. प्रचारात त्यांना लोकांना आडनावाचं स्पेलिंग शिकवावं लागलं.

प्रश्न : माझं ग्रीन कार्ड, नवऱ्याचा एच-वन-बी, म्हणजे नोकरीचा व्हिसा. आम्ही काय करू शकतो? (शिकागोजवळून)

मत देणं तर नाहीच, नोंदणीसुद्धा नाही. वाहन परवान्याच्या अर्जात मतदार नोंदणीची चौकट असते. घाईत त्यावर खूण होते आणि घात होतो. नागरिकत्वाच्या अर्जात ‘कधी नोंदणी किंवा मतदान केलंत का’ असा थेट प्रश्न आहे, आणि बेकायदा मतदानामुळे देश सोडावा लागू शकतो.

देणगी तुम्ही देऊ शकता: 2025-26 साठी केंद्रीय निवडणुकीतल्या एका उमेदवाराला प्रायमरीत 3,500 डॉलर आणि नोव्हेंबरसाठी वेगळे 3,500. दोनशे डॉलरवर बेरीज गेली की नाव आणि नोकरीचं ठिकाण जाहीर यादीत येतं. नवऱ्याने देणगी द्यायची नाही, आणि तुमच्या नावाने द्यायला पैसेही पुरवायचे नाहीत. बिनपगारी फोन करणं, घरोघरी फिरणं त्यांना चालतं. मोहिमेचा पैसा कुठे खर्चायचा हे ठरवण्यात मात्र भाग घेता येत नाही.

प्रश्न : अमेरिकी नागरिक आहे, पण आता पुण्यात राहतो. (कोथरूड)

अमेरिकेत शेवटी जिथे राहत होता त्या पत्त्यावरून केंद्रीय पदांसाठी मत देता येतं, तिथे घर उरलेलं नसलं तरी. ‘फेडरल पोस्ट कार्ड’ हा परदेशातून मतपत्रिका मागवायचा अर्ज दर वर्षी नव्याने, शक्यतो जानेवारीतच भरा आणि मतपत्रिका ई-मेलने मागा. मुदतीत अर्ज केलेल्यांना ती 45 दिवस आधी, म्हणजे 19 सप्टेंबरपर्यंत पाठवणं कायद्याने बंधनकारक आहे. नाही आली तर केंद्रीय पदांसाठीची पर्यायी कोरी मतपत्रिका संकेतस्थळावरून उतरवून, उमेदवारांची नावं हाताने लिहून पाठवता येते. मूळ मतपत्रिका नंतर आली तर तीही भरून धाडा, मोजली एकच जाते.