तिसरी लीग म्हणजे नेमकी कितवी?

प्रश्न: माझा मुलगा २७ वर्षांचा आहे, गोव्यात फर्स्ट डिव्हिजनला लेफ्ट बॅक खेळतो आणि दिवसा औद्योगिक वसाहतीत कामाला जातो. गेल्या हिवाळ्यात त्याला हरमलला एक पोलंडचा पाहुणा भेटला, दोघे रोज संध्याकाळी किनाऱ्यावर खेळायचे. तो म्हणाला की मी तिकडे तिसऱ्या लीगमध्ये दहा-बारा वर्षं खेळलो आणि आता तिथेच कोच आहे. तेव्हापासून मुलाच्या डोक्यात कोच व्हायचं घुसलंय. ही तिसरी लीग म्हणजे किती मोठी? आणि जो खेळाडू म्हणून कधी वर पोचलाच नाही त्याला कोच म्हणून कोण विचारणार?
एक आई, साखळी

उत्तर: ताई, आधी आकड्याचा घोळ सोडवू. पोलंडमध्ये सगळ्यात वर एक्स्ट्राक्लासा, त्याच्याखाली जी आहे तिचं नाव पहिली लीग, मग दुसरी, मग तिसरी, म्हणजे तिसरी लीग हा खरा चौथा थर झाला. २००८ मध्ये नावं बदलली तेव्हापासून हे असं आहे. हसू नका, आपल्याकडे तरी काय वेगळं, तुमचा मुलगा फर्स्ट डिव्हिजनला खेळतो म्हणताच मुंबई-पुण्याच्या नातेवाइकांना वाटतं पोरगा एकदम टॉपला पोचला, पण त्याच्यावर प्रोफेशनल लीग आहे हे गोव्यातल्याच माणसाला माहीत.

तर ही तिसरी लीग चार गटांत चालते, पोलंडचे १६ प्रांत आहेत आणि चार-चार प्रांतांचा एक गट. त्याच्याखाली चौथी लीग प्रांताप्रांताची, मग जिल्ह्याची, मग ए क्लास, बी क्लास, जिथे गावाचा क्लब म्हणजे संध्याकाळी काम आटपून आलेली माणसं आणि वीकेंडला मॅच. तिसऱ्या लीगमध्ये काही जणांचं फुटबॉलवर भागतं आणि बऱ्याच जणांना जोडीला नोकरी किंवा शाळेत पीटी शिकवणं असं काहीतरी करावं लागतं. तुमच्या मुलाला तो पाहुणा आपल्यातलाच का वाटला असेल ते आता कळलं ना.

पण खालच्या थरांना हलकं समजू नका हां. पोलंडचा जगप्रसिद्ध स्ट्रायकर रॉबर्ट लेवांडोव्स्की, त्याला २००६ मध्ये वॉर्सोच्या लेजिया क्लबने सोडून दिलं, तेव्हा तो झ्निच प्रुश्कुफ नावाच्या छोट्या क्लबात गेला, तिसऱ्या थरात. पहिल्या सीझनला १५ गोल मारून तिथला टॉप स्कोअरर झाला, क्लब वर चढला, पुढच्या वर्षी दुसऱ्या थरात २१ गोल मारून परत टॉप, आणि २००८ मध्ये एक्स्ट्राक्लासातल्या लेख पोझनान क्लबने त्याला उचललं. ती दोन वर्षं नसती तर पुढचं काहीच नसतं असं माझं ठाम मत आहे.

आता तुमचा खरा प्रश्न, कोण विचारणार. मारेक पापशून हे नाव मुलाला सांगा. हा माणूस शाळेत इतिहास शिकवायचा. खेळाडू म्हणून कधी वरच्या लीगमध्ये खेळला नाही, वॉर्सोच्या आसपासच्या छोट्या छोट्या क्लबांना कोचिंग देत राहिला. एप्रिल २०१६ मध्ये त्याला राकुफ चेंस्तोहोवा या क्लबने घेतलं. चेंस्तोहोवा म्हणजे त्यांचं मोठं तीर्थक्षेत्र, आपलं जुनं गोवं जसं, तिथल्या मठातल्या काळ्या मारियेच्या दर्शनाला लोक चालत जातात, पण फुटबॉलसाठी कोणी जात नव्हतं कारण क्लब तेव्हा तिसऱ्या थरात होता. २०१७ ला वर चढले, २०१९ ला एक्स्ट्राक्लासात आले, त्याच वर्षी वर चढायच्या आधीच पोलिश कपमध्ये लेजियाला घरी पाठवलं. आणि वर पोचले तर त्यांचं स्वतःचं स्टेडियम त्या लीगच्या नियमात बसत नव्हतं, म्हणून घरची मॅच दुसऱ्या गावात, बेउहातुफला जाऊन खेळायचे. तरी २०२१ आणि २०२२ चा पोलिश कप आणि २०२३ ला लीगचं टायटल, क्लबच्या इतिहासातलं पहिलं. तिसऱ्या थरातून चॅम्पियन सात वर्षांत, आणि कोच पूर्ण वेळ हाच. मला ही गोष्ट दर वेळी सांगताना अंगावर काटा येतो.

आणि जुन्या लोकांत काझिमिएश गुर्स्की. पोलंडसाठी एकच मॅच खेळला, १९४८ मध्ये कोपनहेगनला डेन्मार्कविरुद्ध, आणि ती पोलंड ०-८ अशी हरला. खेळाडू म्हणून देशाच्या वहीत एवढीच एक नोंद, आणि पुढे हाच माणूस कोच म्हणून १९७२ चं ऑलिंपिक गोल्ड, १९७४ च्या वर्ल्ड कपमध्ये तिसरा नंबर, १९७६ चं ऑलिंपिक सिल्व्हर घेऊन आला. वॉर्सोच्या नॅशनल स्टेडियमला आज त्याचं नाव आहे.

तेव्हा ताई, विचारतात. पण खेळायचा बंद झालो की मग बघू असं म्हणून बसला तर नाही विचारत. माझ्या ओळखीचा एक चांगला स्टॉपर गुडघा गेल्यावर ३६ व्या वर्षी कोर्सचे फॉर्म शोधायला लागला, तोवर गावातली लहान भुरग्यांची बॅच दुसऱ्यानेच आठ वर्षं सांभाळली होती, मग पालक याच्याकडे कशाला येतील. तिकडच्या खालच्या लीगमध्ये खेळाडू तिशीच्या आतच क्लबच्या दहा-बारा वर्षांच्या मुलांना शिकवायला लागतो, लायसन्सची एकेक पायरी चढत राहतो, युएफाची, म्हणजे युरोपच्या फुटबॉल संघटनेची, सी, बी, ए आणि मग प्रो. ती प्रो शेवटी पाहिजेच, एक्स्ट्राक्लासात त्याच्याशिवाय हेड कोच म्हणून फार काळ उभं राहता येत नाही. आपल्याकडे पायऱ्या तशाच, आधी एआयएफएफची, म्हणजे आपल्या देशाच्या संघटनेची डी, मग एएफसीची, म्हणजे आशियाच्या संघटनेची सी, बी, ए, प्रो. मुलगा २७ चा आहे म्हणजे वेळ अगदी बरोबर आहे, डी आत्ता करायची, खेळत खेळत.

प्रश्न: पोलंडमधले क्लब खाणींचे होते असं ऐकलं, खरं का? आमच्या गावात खाण बंद झाल्यापासून टूर्नामेंटला स्पॉन्सर मिळत नाही म्हणून विचारतोय.
एक वाचक, पाळी

उत्तर: खरंय. कम्युनिस्ट राजवटीत प्रत्येक क्लब कुठल्या तरी खात्याला किंवा कारखान्याला बांधलेला असायचा, आणि ते नावातच दिसतं. गुर्निक म्हणजे खाणकामगार, स्ताल म्हणजे पोलाद, कोलेयाश म्हणजे रेल्वेवाला, व्लुकनियाश म्हणजे कापड गिरणीवाला. खेळाडू कागदावर खाणीचा कामगार, पगार तिथून, आणि दिवसभर प्रॅक्टिस. १९८९ नंतर कारखाने एकतर बंद पडले नाहीतर पैसे द्यायचे बंद झाले आणि खालच्या लीगमधले कितीतरी क्लब बुडाले किंवा शेजारच्या क्लबात विलीन झाले. नावं मात्र लोकांनी सोडली नाहीत, खाण केव्हाच बंद झालेल्या गावात आजही टीमचं नाव गुर्निकच.

आपल्याला हे वाचताना आपले गोव्याचे क्लब धेंपो, साळगावकर, सेझा आठवणारच, ही सगळी खाणवाल्यांचीच नावं. २०१६ मध्ये धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग आय-लीगमधून, म्हणजे तेव्हाच्या देशातल्या वरच्या लीगमधून, बाहेर पडले ते मला अजून बोचतं, कारण तेव्हा आयएसएलला, म्हणजे इंडियन सुपर लीगला, वरची लीग करायचा घाट घातला होता आणि या क्लबांना त्यात जागाच दिसत नव्हती. धेंपो खालून खेळून परत आय-लीगमध्ये आले याचा आनंद वेगळाच. पोलंडमध्ये विद्झेव वूच नावाचा जुना चॅम्पियन क्लब २०१५ मध्ये पाचव्या थरातून नव्याने सुरू झाला आणि २०२२ ला परत एक्स्ट्राक्लासात पोचला, खालच्या लीगमध्येसुद्धा सगळं गाव तिकीट काढून यायचं. तुमच्या पाळीत स्पॉन्सर नाही तर वाड्यावाड्यावर वर्गणी काढा, वेळ लागेल पण टूर्नामेंट बंद पाडू नका.

प्रश्न: पोलंडचा कोणी प्लेयर गोव्यात खेळलाय का?
फोंड्याचा एक कॉलेज विद्यार्थी

उत्तर: खेळलाय. वुकाश गिकेविच, स्ट्रायकर, २०२१-२२ च्या सीझनला आयएसएलमधल्या चेन्नईयिन क्लबकडे होता, आणि कोविडमुळे तो सगळा सीझन गोव्यातच झाला, फातोर्डा, बांबोळी आणि वास्को. श्लोंस्क व्रोत्सवाफच्या २०१२ च्या चॅम्पियन टीममधला हा, नंतर सायप्रस, कझाकस्तान, थायलंड, बल्गेरिया, जॉर्डन, रोमेनिया असा फिरत फिरत आपल्याकडे आला. त्याचा जुळा भाऊ राफाव गोलकीपर, त्याने जर्मनीत युनियन बर्लिनसाठी हेडरने गोल मारलाय, व्हिडिओ शोधून बघच.

प्रश्न: मी ३८ वर्षांचा आहे, गावच्या टीमला शिकवतो आणि माणूस कमी पडला की स्वतः उतरतो. पोरं म्हणतात एक काय ते ठरवा. तुमचं काय म्हणणं?
एक खेळाडू, पेडणे

उत्तर: पोलंडच्या खालच्या लीगमध्ये याला ग्रायोन्त्सी त्रेनेर म्हणतात, खेळणारा कोच, आणि गावोगावी असतात. पण तिथे त्यांना डिसेंबरपासून मार्चपर्यंत बर्फामुळे मोठा ब्रेक मिळतो, तेव्हा मैत्रीच्या मॅचमध्ये ते बाहेर उभे राहून पूर्ण टीम बघून घेतात. आपल्याला तोच वेळ पावसात मिळतो. जून ते ऑगस्ट स्वतः उतरूच नका, बाहेरून बघा, वहीत लिहा, तुमच्या जागेवर दोन पोरं आलटून पालटून खेळवा. मग सीझन सुरू झाला आणि खरंच माणूस कमी पडला तर शेवटची वीस मिनिटं उतरायला हरकत नाही, पण बदली कधी करायची हे बाहेरच्या एकाला आधीच सांगून ठेवा, कारण आत धावणाऱ्या माणसाला स्वतःला बाहेर काढायचं सुचत नाही.