ओटीवर आणि ओटीत

गुहागरकडच्या एका ताईंनी विचारलंय: आईच्या जुन्या वहीवरून तिच्या आठवणी लिहून काढतेय. एका पानावर तिने लिहिलंय, "ओटीत दुखत होतं, तरी ओटीवर पाहुण्यांना चहा नेऊन दिला." भाऊ म्हणतो, वाचणारा गोंधळेल, पहिल्या ठिकाणी 'गर्भाशय' कर. करू का?

ताई, नका करू. तुमच्या आईच्या वाक्यात गोंधळ नाहीच. घराच्या ओटीला 'वर' लागतं, बाईच्या ओटीला 'त'. ओटीवर बसायचं, ओटीत घ्यायचं. तेवढ्याशा फरकाने आईने दोन्ही जागा चोख वेगळ्या ठेवल्यात.

घराची ओटी ही ओट्याची धाकटी, डबा-डबी तशी. पडवीतून पायरी चढलं की ओटी, मग माजघर. आमच्याकडे झोपाळा तिथेच; आंब्याच्या दलालाशी बोलणी तिथेच. आजी मात्र माजघराच्या उंबऱ्याशी उभी राहूनच बोलायची.

बाईची ओटी म्हणजे बेंबीखालचं पोट, आणि त्याच पोटाशी लुगड्याचा केलेला खोळसुद्धा. अंग कुठे संपलं नि वस्त्र कुठे सुरू झालं, हे हा शब्द सांगतच नाही. खण, नारळ, तांदूळ त्याच खोळात पडतात. मूल दत्तक देताना "तुझ्या ओटीत घातलं" म्हणतात. आणि नवरा गेला की तीच ओटी भरायची थांबते, तेही दुखणं या शब्दात आहे. (कानडीत या विधीला 'उडी तुंबुवुदु' म्हणतात, तिथेही उडी म्हणजे वस्त्राचा खोळच.)

आमची आजी काजूखालून येताना बोंडं ओटीत घेऊन यायची. रसाचे डाग लुगड्याला नेमके पोटाशी पडत, कितीही घासले तरी जात नसत. पुढे आजारपणात "ओटीत कळ येते गो" म्हणाली, तेव्हा तिचा हात त्याच डागांच्या जागी होता. तिथे मी 'गर्भाशय' कसं लिहू?

शिवाय 'गर्भाशय' अर्थानेही चुकेल. ओटीत दुखणं पाळीचं असेल, मूत्राशयाचं असेल, आतड्याचंही असेल. आईने न केलेलं निदान तुम्ही तिच्या तोंडी घालाल.

घरातला शब्द परक्या वाचकाला कळणार नाही, ही भीती मला पटत नाही. उर्मिला पवारांनी आत्मकथनाचं नावच 'आयदान' ठेवलं. कोकणात बांबूच्या विणलेल्या वस्तूंना आयदान म्हणतात, आणि त्यांची आई तीच विणत असे. शब्द माहीत नसलेल्यांनीही तो शिकून घेतला.

फारच वाटलं तर पहिल्यांदा येईल तिथे 'ओटीपोट' अशी तळटीप द्या, बास. पुढे पाळीसाठी 'अडचण', 'बाहेरची', 'कावळा शिवला' असे शब्द आले तर तेही तसेच राहू देत.

आणि एक विचारते. चहा देऊन आई ओटीवर थांबली, की पोट धरून माजघरात परतली? वहीत पुढे काही असेल तर नक्की कळवा.