लॉक, रूसो की मॉन्तेस्क्यू, लोकशाहीवर जास्त प्रभाव कोणाचा?

तिघेही सतराव्या-अठराव्या शतकातले युरोपातले राजकीय विचारवंत. माझं मत विचाराल तर मॉन्तेस्क्यूचा, नाव लॉक-रूसोचं जास्त होतं ते सोडा. १७४८ च्या पुस्तकात त्याने मांडलं की कायदा करणारा, राबवणारा आणि न्याय देणारा एकच असेल तर स्वातंत्र्य गेलंच म्हणून समजा, आणि अमेरिकेची घटना करताना मॅडिसन वगैरे मंडळींनी हे चांगलंच मनावर घेतलं, म्हणून तिथे प्रेसिडेंट बिल व्हेटो करू शकतो, म्हणजे नाकारू शकतो, पण काँग्रेस दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतं जमवून तो व्हेटो फिरवू शकते. गंमत म्हणजे त्याने हे सगळं इंग्लंड बघून लिहिलं, जिथे मंत्री पार्लमेंटमध्येच बसायचे, म्हणजे कायदा करणारे आणि राबवणारे पूर्ण वेगळे नव्हतेच!

लॉकचं म्हणणं असं की सरकार लोकांच्या संमतीवर चालतं, विश्वास मोडला तर लोक ते उलथवू शकतात. अमेरिकेच्या १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात जेफरसनने जवळपास हेच लिहिलंय. लॉकने स्वतः मात्र हे मांडणारं पुस्तक निनावी छापलं, आपलं असल्याचं कबूल केलं ते थेट मृत्युपत्रात.

रूसो वेगळंच प्रकरण आहे. प्रतिनिधी वगैरे त्याला पटायचेच नाहीत, इंग्रज लोक फक्त निवडणुकीपुरते स्वतंत्र, मग परत गुलाम, असं १७६२ मध्येच लिहून मोकळा झालाय तो.

प्लेटोला यात धरू नका, त्याचा लोकशाहीवर भरवसाच नव्हता.