घरात लहान मुलं असताना परवान्याची दुनळी आणि रिव्हॉल्व्हर कोणत्या कुलपात ठेवावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: 12 बोअरची दुनळी आणि .32 रिव्हॉल्व्हर, दोन्ही परवान्यावर. कोकणातलं चिऱ्याचं घर, घरात सात आणि अकरा वर्षांची मुलं. केबल लॉक, ट्रिगर लॉक आणि डिजिटल तिजोरी यांपैकी काय घ्यावं?

एकच वस्तू घ्यायची असेल तर जमिनीला बोल्टने जखडलेली, लिव्हरच्या कुलपाची (किल्लीने आतल्या पट्ट्या, म्हणजे लिव्हर, उचलल्या की उघडणारं) पोलादी पेटी घ्या. थोडे जास्त पैसे असतील तर सोबत रिव्हॉल्व्हरसाठी केबल लॉक. ट्रिगर लॉक तुमच्या दुनळीला मी सुचवणार नाही, त्याचं कारण खाली देतो.

खरेदीआधी कुलूप नेमकं कोणाला अडवायला हवंय ते ठरवा. दुकानात सगळी 'गन लॉक' एकाच फळीवर असली तरी त्यांची कामं वेगळी आहेत. केबल आणि ट्रिगर लॉक लहान मुलाला आणि हात लावून बघणाऱ्या पाहुण्याला थांबवतात. चोर शस्त्र कुलपासकट उचलतो आणि आपल्या जागी नेऊन निवांत कापतो. त्याला थांबवते ती जखडलेली पेटी. आणि घरातल्या मोठ्या माणसाला थांबवायचं तर किल्ली कुठे आहे यावरच सगळं येतं.

कुठलंही कुलूप लावायचं ते रिकाम्या शस्त्राला. दुनळी मोडून, म्हणजे बिजागरीवर उघडून, दोन्ही नळ्यांत उजेड आरपार दिसतो का पाहा, रिव्हॉल्व्हर उघडून सिलिंडरचं प्रत्येक घर, म्हणजे काडतुसाचं भोक, बोटाने चाचपा. काडतुसं त्या खोलीतून बाहेर ठेवून मगच कुलूप हातात घ्या.

आता केबल लॉक. पीव्हीसीचं वेष्टन असलेली पोलादी तार आणि टोकाला छोटं कुलूप, लांबी साधारण 38 सेंटीमीटर. पाकिटावर एएसटीएम एफ 2369 लिहिलेलं असेल तर ते शस्त्रांच्या कुलपांसाठीच्या अमेरिकन मानकाला धरून केलेलं आहे, तेच घ्या. कानपूरची .32 रिव्हॉल्व्हर वरून उघडते, म्हणजे नळी आणि सिलिंडर दोन्ही पुढे झुकतात. तुमची तशी असेल तर उघडून तार सिलिंडरच्या एका घरात मागून घाला, नळीच्या तोंडातून बाहेर काढा आणि दोन्ही टोकं कुलपात बसवा. घर नळीच्या रेषेत आलं नाही तर तार अडते. अशा वेळी जोर करू नका, सिलिंडर किंचित फिरवा. तार आत असेपर्यंत रिव्हॉल्व्हर बंदच होत नाही. सिलिंडर बाजूला उघडणाऱ्या रिव्हॉल्व्हरला सिलिंडर बाहेर ठेवून तार चौकटीच्या रिकाम्या खिडकीतून ओवतात. तार फक्त ट्रिगर गार्डमध्ये अडकवणं ही नेहमीची चूक. दिसायला कुलूप लागलेलं असतं, पण शस्त्र भरताही येतं आणि झाडताही येतं.

दुनळीला ही 38 सेंटीमीटरची तार कामाची नाही. 28 ते 30 इंची नळी म्हणजे 71 ते 76 सेंटीमीटर. तार त्यातून जाऊन परत फिरायला पावणेदोन मीटर तरी लागते. दोन्ही टोकांना फासा असलेली लांब तार हार्डवेअरच्या दुकानात मिळते, पण तिचा फासा दाबून साधारण साडेअठरा मिलिमीटरच्या भोकातून जातो का ते दुकानातच बघा. चोकमुळे, म्हणजे तोंडाकडच्या निमुळतेपणामुळे, नळी तिथे आणखी अरुंद असते.

ट्रिगर लॉकचे दोन भाग ट्रिगर गार्डवर दोन्ही बाजूंनी दाबून बसतात आणि मधली खुंटी ट्रिगरला अडवते. दुनळीला ट्रिगर दोन. खुंटी एकच असलेलं लॉक पुढच्या ट्रिगरला अडवतं आणि मागचा हलायला मोकळा राहतो, किंवा उलट. शिवाय बाहेर घोडे नसलेली (हॅमरलेस) दुनळी उघडली की आतले घोडे चढतात आणि बंद केल्यावर चढलेलेच राहतात. सैल लॉक जरा पिळलं तरी घोडा पडू शकतो. ट्रिगर लॉक घ्यायचंच असेल तर बसवल्यावर दोन्ही बाजूंनी पिळून बघा. ट्रिगरपर्यंत बोटाचं टोक किंवा स्क्रूड्रायव्हर पोहोचत असेल तर ते परत करा. भरलेल्या शस्त्रावर ट्रिगर लॉक लावणं तर सरळ धोक्याचं, बसवताना खुंटीच ट्रिगरवर दाबते.

दुनळीसाठी त्याहून चांगला उपाय बंदुकीतच आहे: ती सुटी होते. पुढचा लाकडी दस्ता, म्हणजे फोरएंड, खाच दाबून काढा, बंदूक मोडा, नळ्या खाली उतरतात. दस्ता परत नळ्यांना लावून ठेवा, हरवत नाही. आता सगळ्यात लांब तुकडा नळ्यांचाच, म्हणजे सव्वा मीटर उंचीचं कपाट लागत नाही, आतून 80 सेंटीमीटर लांब पेटी पुरते. कुंद्याचा भाग, ज्यात घोडे आणि ट्रिगर असतात, तो एका कुलपात आणि नळ्या दुसऱ्या कुलपात ठेवल्या तर मुलाच्या हाती एक तुकडा लागला तरी बंदूक होत नाही. फक्त सुट्या कुंद्याचे ट्रिगर दाबून बघू नका. घोडे पडले की बऱ्याच बंदुकींत नळ्या परत बसवताना आतले दांडे आडवे येतात, आणि मग लोक लाकडी हातोडी घेऊन बसतात.

यासाठी घरातलं लोखंडी कपाट चालेल का? अंशतः. साध्या कपाटाचा पत्रा 20 ते 22 गेजचा, म्हणजे 0.9 ते 0.7 मिलिमीटर. पहारीने तो वाकतो. ब्रिटनमध्ये बंदुकीच्या कपाटांसाठी बीएस 7558 हे वेगळं मानक आहे आणि त्यात पत्रा 2 मिलिमीटरचा धरलेला आहे. आपल्याकडे फॅब्रिकेटरकडून पेटी करून घेताना 14 गेज सांगा, ते साधारण तेवढंच भरतं. बिजागऱ्या आतल्या बाजूला, दाराची कड चौकटीच्या आत बसणारी आणि बिजागरीच्या बाजूलाही दोन पक्के खिळे, म्हणजे बिजागरी कापली तरी दार सुटत नाही. कपाटाच्या मूळ कुलपाचा आणखी एक प्रश्न: स्वस्त कपाटांत किल्ल्यांचे मोजकेच प्रकार असतात. शेजारच्या कपाटाची किल्ली आपल्याला लागल्याचं बऱ्याच घरांत माहीत असतं. कुलपावर किल्लीचा नंबर कोरलेला असेल तर तो खरवडून टाका, कारण त्या नंबरावरून दुसरी किल्ली मागवता येते.

पेटीला कोणतं कुलूप? माझी पसंती या क्रमाने. पहिलं, दोन्ही बाजूंना दात असलेल्या किल्लीचं, सहा किंवा जास्त लिव्हरचं, पेटीच्या आत बसणारं कुलूप. कडी-कोयंडा लावून बाहेरून पितळी सात लिव्हरचं कुलूप लटकवणं हा कमी खर्चाचा मार्ग. त्यात कुलूप सहसा टिकतं, कोयंडा आधी जातो. तो स्क्रूने लावू नका, वेल्डिंग करा.

दुसरं, अंकांचं इलेक्ट्रॉनिक कुलूप. सोयीचं आहे, पण हॉटेलच्या खोलीत असते तशी हलकी पेटी टाळा. त्यात कडी एका छोट्या सोलेनॉइडच्या, म्हणजे विजेच्या चुंबकाने सरकणाऱ्या खुंटीच्या, जिवावर अडलेली असते आणि जोराच्या दणक्याने ती सुटू शकते. मोटरवर चालणारी कडी मागा. बहुतेक पेट्यांना आणीबाणीची किल्लीही असते आणि तिचंच कुलूप सगळ्यात हलकं निघतं. ते झाकणाखाली लपलेलं असलं तरी अकरा वर्षांच्या मुलाला यूट्यूब माहीत आहे. कारखान्यातला मूळ कोड आणि मास्टर कोड दोन्ही पहिल्याच दिवशी बदला. वाढदिवस, गाडीचा नंबर, फोनचा पिन नको. सेल अल्कलाइनचे घाला आणि दरवर्षी पावसाआधी बदला. साधे झिंक-कार्बन सेल दमट हवेत गळतात आणि पट्ट्या खातात.

तिसरं, बोटाच्या ठशाचं. इथे जपून. 2023 मध्ये अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने एका कंपनीच्या सुमारे 61,000 पेट्या परत मागवल्या. ठसा नीट नोंदवला गेला नाही तर ती पेटी कोणाच्याही बोटाने उघडत होती आणि मालकाला वाटत होतं की नोंद झाली. बारा वर्षांच्या एका मुलाचा मृत्यू त्या प्रकरणात नोंदला गेला. घेतलीच तर ठसा नोंदवल्यावर रिकाम्या पेटीवर घरातल्या प्रत्येकाची सगळी बोटं दहा-दहा वेळा लावून बघा. शेतात काम करून झिजलेल्या किंवा पावसात भिजलेल्या बोटाला हे यंत्र बऱ्याचदा ओळखतही नाही.

तीन आकडी चाकांची ब्रीफकेस या कामाची नाही. एकूण हजार जोड्या. एका जोडीला तीन सेकंद धरले तर 50 मिनिटांत संपतात. मे महिन्याच्या सुट्टीतली एक दुपार.

जखडण्याबद्दल. रिकामी पेटी 15-20 किलोची असेल तर ती दोन माणसं हसत नेतात. चार एम-10 फास्टनर (10 मिलिमीटर जाडीचे, भोकात फुगून धरणारे बोल्ट), 80 मिलिमीटर लांबीचे, पेटीच्या आतून. पण चिऱ्याच्या भिंतीत साधा फास्टनर फुगला की दगड भुगा होतो, काही दिवसांनी बोल्ट हाताने फिरतो. त्यामुळे काँक्रीटच्या जमिनीत बसवा. भिंतच हवी असेल तर केमिकल अँकर वापरा, म्हणजे भोकात रसायन भरून बोल्ट चिकटवा. भोक ब्लोअरने आणि ब्रशने पूर्ण साफ करायचं, धूळ राहिली तर रसायन दगडाला धरत नाही. तळाशी 10 मिलिमीटरचं रबर घाला, नाहीतर शेणाने सारवलेल्या किंवा ओल येणाऱ्या जमिनीवर पेटीचा तळ दोन पावसाळ्यांत गंजतो.

कोकणात गंज कुलपालाही खातो. कुलपात खोबरेल किंवा मशीनचं तेल घालू नका, धूळ चिकटून लिव्हर अडकतात. ग्रॅफाइटची पूड घाला. पेटीत अर्धा किलो सिलिका जेल ठेवा, रंग बदलला की मंद आचेवर वाळवून परत वापरा. कातडी म्यानात किंवा फोममध्ये शस्त्र ठेवू नका, दोन्ही ओल धरतात.

काडतुसं वेगळ्या कुलपात, वेगळ्या किल्लीने आणि शक्यतो वेगळ्या खोलीत. घरात पीक संरक्षणाची ठासणीची बंदूक असेल तर ती ठासून भिंतीवर टांगायची पद्धत बंद करा. ठासलेली बंदूक कुठल्याच कुलपाने सुरक्षित होत नाही. बंदुकीची दारू आणि कॅप (ठिणगी देणारी टिकली) वेगवेगळ्या कुलपांत.

आता किल्ली. देवघराचा खण, कपाटावरचा पेपर, धान्याचा डबा: मुलांना या जागा पाठ असतात. किल्ली परवाना ज्याच्या नावावर आहे त्याच्या अंगावर, दुसरी बँकेच्या लॉकरमध्ये. घरातल्या परवाना नसलेल्या माणसाकडे किल्ली देणं कायद्याच्या दृष्टीनेही अडचणीचं, कारण शस्त्र त्याच्या ताब्यात गेल्यासारखंच होतं. 2016 च्या शस्त्र नियमांत सुरक्षित साठवणुकीची जबाबदारी परवानाधारकावरच आहे.

'चोर आला तर एवढी कुलपं उघडेपर्यंत काय?' हे कोणीतरी विचारणारच. रिव्हॉल्व्हर लवकर हाती हवी असेल तर तिच्यासाठी बॅटरी न लागणारं यांत्रिक बटणांचं कुलूप असलेली छोटी जखडलेली पेटी घ्या. ते अंधारात बोटांनी मोजून उघडता येतं. उशीखाली किंवा गादीखाली मात्र नको, दोन मुलांच्या घरात तर मुळीच नको.

घरात कोणी नैराश्यात असेल, दारू फार वाढली असेल, किंवा कोणी जिवाचं बरंवाईट करण्याचं बोलत असेल तर कुलपांची ही सगळी चर्चा बाजूला ठेवा. त्या माणसाला किल्ली कुठे आहे ते सहसा माहीत असतं, आणि परवाना त्याचाच असेल तर कुलूप त्याला अडवतच नाही. शस्त्र घराबाहेर गेलं पाहिजे. परवानाधारक विक्रेत्याकडे किंवा पोलीस ठाण्यात ते जमा करता येतं. निवडणुकीच्या आचारसंहितेत जमा करायला सांगतात तेव्हा जातात तीच वाट. गावाला महिनाभर घर बंद ठेवणार असाल तरी हेच करा. जमा करताना पावतीवर शस्त्राचा नंबर, बोअर आणि सोबत दिलेल्या काडतुसांची संख्या लिहून घ्या, नाहीतर परत घेताना वाद होतो.