ती एक्सेल शीट आता बंद कर

अगं,

तुझी शीट बघितली. गेम बनवायची सात इंजिन (म्हणजे गेम तयार करायची सॉफ्टवेअर), चौदा कॉलम, वर हिरवा-पिवळा-लाल रंग, बीकॉमचा असा सदुपयोग मी पहिल्यांदाच बघतोय. पण त्यात एक कॉलमच नाहीये, गेम कुठला करायचा तो. हसत नाहीये हां, मी स्वतः चार महिने हेच केलंय, रोज रात्री जेवून झालं की "हे इंजिन की ते इंजिन" असले व्हिडिओ लावायचे आणि आपण गेम डेव्हलपमेंट शिकतोय असं समजायचं. एक चौकोनसुद्धा हलवला नव्हता स्क्रीनवर.

मागे फोनवर तू म्हणाली होतीस की तुला कॅरम करायचाय, वरून दिसणारा, साधा, दोघांनी एकाच मोबाइलवर खेळायचा. मग बोलणंच संपलं, गोडो नावाचं इंजिन घे. (लोक गोडॉट पण म्हणतात, चालतं.) तुझ्या लॅपटॉपला 8 जीबी रॅम आणि जुनी हार्डडिस्क, त्यावर अनरियलसारखं जड इंजिन उघडलंस तर उघडेपर्यंत भाजी निवडून होईल. गोडोची झिप शंभर एमबीच्या आसपास असते, इन्स्टॉल करायची भानगड नाही, डबल क्लिक केलं की चालू. अर्जेंटिनातल्या दोघांनी आधी स्वतःच्या कामासाठी बनवलेलं, 2014 मध्ये एमआयटी लायसन्सखाली सगळ्यांना खुलं करून टाकलं, म्हणजे रॉयल्टी नाही, फी नाही आणि उद्या कोणी नियम बदलले तरी तुझ्याकडची कॉपी तुझीच.

नियम बदलण्यावरून आठवलं, सप्टेंबर 2023 मध्ये युनिटी या इंजिनवाल्या कंपनीने गेमच्या दर इन्स्टॉलमागे पैसे घ्यायचं जाहीर केलं तेव्हा केवढा गोंधळ झाला होता. तुझ्यामाझ्यासारख्या हौशी माणसाला त्याचा एक रुपयाचाही फटका बसणार नव्हता, ती मर्यादाच लाखो डॉलरची होती, तरी लोक चिडले कारण भरवसा गेला. वर्षभराने त्यांनी ते रद्द केलं. त्यामुळे युनिटी वाईट आहे असं डोक्यात घेऊ नकोस, उद्या तुला एखाद्या मोबाइल गेमवाल्या स्टुडिओत नोकरी करायची असेल तर मी तुला युनिटीच शीक म्हणेन. पण तू तर म्हणतेस शनिवार-रविवारचा छंद आहे.

आता खरी गोष्ट ऐक. मी कॅरम करायला घेतला तेव्हा स्ट्रायकर जोरात मारला की सोंगटीच्या आरपार जायचा, कधीकधी तर फ्रेम ओलांडून गायब. मला वाटलं इंजिनच भंगार. सगळं टाकून दुसरं डाउनलोड केलं, तीन आठवडे त्यात घालवले, आणि तिथेही स्ट्रायकर आरपार! नंतर कळलं, इंजिनातलं फिजिक्स, म्हणजे हालचाल आणि टकरी, काही सलग चालत नाही, गोडो सेकंदाला 60 वेळा हिशोब करतं, युनिटी 50 वेळा. स्ट्रायकर सेकंदाला 3000 पिक्सेल पळत असेल तर गोडोमध्ये तो दर हिशोबाला 50 पिक्सेलची उडी मारतो, आणि माझी फ्रेम होती 20 पिक्सेल जाड, मग तो एका हिशोबात अलीकडे, पुढच्या हिशोबात पलीकडे, मधे फ्रेम होती हे त्याच्या गावीही नाही. गोडोमध्ये त्यासाठी कंटिन्युअस सीडी नावाचं सेटिंग आहे, ते दोन हिशोबांच्या मधली टक्करही पकडतं, युनिटीत कोलिजन डिटेक्शन कंटिन्युअसवर ठेवायचं. दोन्हीकडे ग्रॅव्हिटी (गुरुत्वाकर्षण) शून्य करायची, नाहीतर सगळ्या सोंगट्या घरंगळत खाली जातील. आणि घर्षणासाठी लिनियर डॅम्प नावाचा आकडा असतो, त्याला तू बोरिक पावडर समज, आकडा कमी केला की पावडर जास्त. सांगायचा मुद्दा काय, तीन आठवड्यांत मी इंजिन बदललं पण अडचण तीच घेऊन गेलो, आणि एकदा कळल्यावर ती दोन्हीकडे पाच मिनिटांत सुटली.

खेळणाऱ्याला तर इंजिनची काही पडलेलीच नसते. बलात्रो हा गेम 2024 मध्ये एवढा गाजला, तो एका माणसाने लुआ भाषेत लव्ह नावाच्या छोट्याशा फ्रेमवर्कवर केलाय, तुझ्या शीटमध्ये ते नावसुद्धा नाही. अंडरटेल हा गेम गेममेकर इंजिनवर. आपल्या पुण्यातल्या नॉडिंग हेड्स स्टुडिओने राजी नावाचा गेम केला, 2020 चा, तो अनरियलवर, पण तो थ्रीडी आहे आणि मागे अख्खी टीम होती. तू एकटी आहेस, त्यात तुझी टीवाय, म्हणजे कॉलेजचं शेवटचं वर्ष.

दोन खड्डे मात्र आधीच दाखवून ठेवतो. गोडो 4 आलं मार्च 2023 मध्ये आणि त्यात कोडमधली बरीच नावं बदलली, त्यामुळे व्हिडिओत कायनेमॅटिकबॉडी दिसलं किंवा यील्ड दिसलं की तो व्हिडिओ जुना, बंद कर, नाहीतर लाल एरर बघून रडत बसशील आणि तुला वाटेल आपल्यालाच जमत नाही. दुसरं, कोणीतरी सांगेल सी शार्प ही प्रोग्रामिंगची भाषा शीक, प्रोफेशनल आहे वगैरे. नको. गोडोची स्वतःची भाषा जीडीस्क्रिप्टच घे, पायथनसारखी दिसते, कॉलेजात थोडं पायथन झालंय ना तुझं, आठवड्यात हात बसेल. शिवाय गोडो 4 मध्ये सी शार्पवाला गेम सध्या वेबसाठी एक्स्पोर्ट होत नाही, आणि तुला वेबच पाहिजे, कारण इच डॉट आयओ या गेमच्या साइटवर फुकट चढवता येतो आणि लिंक व्हॉट्सअ‍ॅपवर टाकली की समोरचा ब्राउझरमध्ये लगेच खेळतो. एपीके, म्हणजे अँड्रॉइड अ‍ॅपची फाइल, पाठवलीस तर मावशी म्हणेल व्हायरस आहे.

या शनिवारी अख्खा कॅरम नको करूस. रिकामा बोर्ड, चार बाजू, एक स्ट्रायकर, एक सोंगटी, बोटाने मागे ओढून सोडला की मारायचा, बस. क्वीन, फाउल, स्कोअर, आवाज, मेन्यू सगळं नंतर. स्ट्रायकर आरपार गेला तर मला फोन करू नकोस, वर लिहिलंय. बाकी कुठे अडलीस तर रात्री दहानंतर कर, जागा असतो.

आणि लिंक मला आधी पाठव, आईला खेळायला देतो. ती अजून मला खऱ्या बोर्डावर हरवते, सोंगटी खोटी पळाली तर तिला लगेच कळेल.

तुझा,
दादा