सुरुवात कूर्चेपासून कर

प्रयोगशाळेत पेशींपासून ऊती वाढवायला शिकायचंय ना तुला? मग हृदयाची झडप आणि कूर्चा (सांध्यातलं गुळगुळीत, लवचिक अस्तर) दोन्ही एकदम नको गं, पहिलं वर्ष कूर्चाच घे. झडप दिवसाला लाखभर वेळा उघडते-मिटते. तो ताण पेलणारी ऊती नंतर बघू. आधी निर्जंतुक कामाचा हात बसू दे.

नवी मुलं हमखास चुकतात ती इथे:

- सपाट डिशमध्ये पेशी पुन्हापुन्हा वाढवतात. कूर्चापेशी मग आपला स्वभावच सोडतात, कूर्चेतल्या टाइप 2 कोलॅजेनऐवजी (कोलॅजेन म्हणजे ऊतीला बळकटी देणारं प्रथिन) टाइप 1 बनवू लागतात. सुरुवातीच्याच पिढीतल्या थोड्या गोठवून ठेव.
- मायकोप्लाझ्माची, म्हणजे पेशींना लागणाऱ्या अतिसूक्ष्म जिवाणूंची, चाचणी टाळतात. पेशी ज्या द्रवात वाढतात ते माध्यम गढूळ होत नाही, म्हणून कळतच नाही. माझे तीन महिने असेच गेले.

आणि मुंबईचा पावसाळा! पेशी उबेत ठेवायच्या इन्क्युबेटरच्या ट्रेमधलं पाणी दर आठवड्याला बदल, बुरशी वाट बघत असते. देवनारच्या कत्तलखान्यातून बोकडाचा गुडघा आणलास तर बर्फात आण, त्याच दिवशी पेशी काढ. अडलीस तर कधीही विचार.