फ्यूज शाबूत असताना वायर कशी जळते?

४८ व्होल्टच्या ई-रिक्षात ठिणग्या पडून वायर जळाली तरी फ्यूज का उडला नाही, आणि असा आर्क (सैल जोडणीच्या फटीतून ठिणगीच्या रूपाने वाहत राहणारा करंट) आधी ओळखता येतो का, असे आपण विचारले आहे. फ्यूज उडणारच नव्हता. हे मी माझ्या मेहुण्यांना सहा वर्षे सांगत आहे.

नाशिकला अंबडमध्ये आमचे भागीदारीत गॅरेज आहे. एका पावसाळ्यात एक रिक्षाचालक आले. चढावर गाडी झटके देते आणि सीटखालून करपल्याचा वास येतो, अशी त्यांची तक्रार होती. मेहुण्यांनी फ्यूज उजेडात धरला, आतली तार शाबूत पाहिली आणि दोष मोटारीच्या माथी मारला. मी बॅटरीच्या आणि कंट्रोलरच्या (मोटारीला वीज सोडणाऱ्या डब्याच्या) टोकांना एकेक मल्टिमीटर जोडून गाडी चढावर नेली. झटक्याच्या वेळी बॅटरीकडे ४९ व्होल्ट होते, कंट्रोलरकडे ३३; क्लॅम्प मीटर २५ अँपिअर दाखवत होता आणि फ्यूज होता ६० चा. म्हणजे बॅटरीच्या एका सैल लगमध्ये (वायरच्या टोकाच्या धातूच्या जोडणीत) ४०० वॅट जळत होते आणि फ्यूजला त्याचा पत्ताही नव्हता, कारण आर्क मोटारीकडे जाणाऱ्या करंटच्या मार्गातच असल्यामुळे करंट वाढलाच नव्हता.

मेहुणे १२ व्होल्टच्या गाड्यांवर शिकले. तांब्याच्या टोकांमध्ये आर्क टिकायला साधारण तेवढेच व्होल्ट लागतात, म्हणून तेथे तो सहसा विझतो. ४८ वर मात्र तो टिकतो. घरातल्या ५० हर्ट्‌झच्या पुरवठ्यात करंट सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो आणि आर्कला विझायची संधी मिळते; तशी सवलत बॅटरीच्या एकाच दिशेच्या करंटमध्ये, म्हणजे डीसीत, नाही.

ओळखण्यासाठी दोन टोकांच्या व्होल्टेजमधला फरक लोडवर, म्हणजे मोटार जोर लावत असताना, मोजावा. आर्कचा अनियमित, उच्च वारंवारतेचा गोंगाटही टिपता येतो, मात्र कंट्रोलरचे स्विचिंग त्यात मिसळते; मीडियम वेव्हवर लावलेला रेडिओ जवळ धरल्यास कंट्रोलरचा सूर एकसारखा ऐकू येतो, आर्कची कडकड तुटक असते.

एक राहिले: आर्कमुळे करंट घटेलच असे धरू नये, काही कंट्रोलर व्होल्टेज घटल्यावर उलट जास्त करंट ओढतात. प्लस आणि मायनस वायरींमध्ये थेट पडणारा आर्क वेगळा. त्यात फ्यूज कधी उडतो, कधी नाही. मोठा फ्यूज तर मुळीच बसवू नये, मेहुणे काहीही म्हणोत.

लग बदलल्यावर ती रिक्षा सुरळीत चालली, तेव्हा ‘मोटारीला आराम मिळाला’ असे ते म्हणाले. तो जळका लग अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे.